हस्ताक्षराचा फॉन्ट: कुठे शोभतो, कुठे नडतो

'भ' आणि 'म' यांच्यात फरक केवढा असतो? खालची गाठ दोघांना सारखी, उजवीकडचा दंड सारखा. फरक आहे तो डाव्या बाजूला, वरच्या टोकाशी. 'भ' तिथे आत वळतो आणि त्याच्यापुरती शिरोरेषा तुटते. 'म' सरळ वर जाऊन शिरोरेषेला भिडतो. आता हीच दोन अक्षरं एखाद्या झोकदार, शिरोरेषा गाळलेल्या हस्ताक्षरी फॉन्टमध्ये लावून बघा. वाचणाऱ्याच्या हाती उरतं ते एक इवलं वळण. 'बिल भरणा केंद्र' ही पाटी वीस फुटांवरून 'बिल मरणा केंद्र' दिसू लागते. 'घ' आणि 'ध' यांचं तेच: 'घर' आणि 'धर', 'घडा' आणि 'धडा', 'घार' आणि 'धार' या जोड्या शिरोरेषेतल्या एका फटीवर उभ्या आहेत. फॉन्ट करणाऱ्याने शोभेसाठी शिरोरेषा काढली, पाटी करणाऱ्याने तो फॉन्ट उचलला, आणि वाचणाऱ्याच्या वाट्याला अंदाज बांधणं आलं.

हस्ताक्षरासारखे दिसणारे मराठी फॉन्ट आज सगळीकडे आहेत. दुकानाच्या पाटीवर आहेत, लग्नपत्रिकेत आहेत, फ्लेक्सवर आहेत, तसे दवाखान्याच्या वेळापत्रकात, शाळेच्या सूचनेत आणि सरकारी योजनांच्या जाहिरातीतही आहेत. पत्रिकेत ते शोभतात. दवाखान्याच्या वेळापत्रकात ते नकोत, आणि सार्वजनिक सूचनेत तर मुळीच नकोत. हा आवडीनिवडीचा विषय नाही. मराठी पाट्यांचा कायदा झाला, अक्षराचा आकार किती असावा हे त्यात आलं, पण ते अक्षर वाचता येतं का, हे कुणी विचारत नाही. तो प्रश्न आता विचारायला हवा.

या प्रश्नाचं उत्तर आपल्या लेखनाच्या परंपरेत आधीच दिलेलं आहे. मराठीने कित्येक शतकं दोन लिप्या शेजारी शेजारी वापरल्या. दफ्तरात मोडी, पोथीत बाळबोध, म्हणजे आजची देवनागरी. मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढून घेई आणि मग बोरू शक्य तितका कमी उचलत अक्षरं त्या रेघेला टांगत जाई. ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही, दोन शब्दांत जागा सोडायची नाही. सगळी रचना लिहिणाऱ्याच्या वेगासाठी. हिशेब, पत्रं, सनदा, निवाडे यांचा ढीग उपसणाऱ्या कारकुनाला हेच हवं होतं, आणि पत्र ज्याच्या हाती पडणार तोही त्याच वळणात तयार झालेला होता. जे अनेकांनी, अनोळखी लोकांनी, मोठ्याने वाचायचं होतं ते मात्र बाळबोधीत लिहिलं गेलं. 'बाळबोध' या नावातच हेतू आहे: पोरालाही कळावं असं अक्षर. मोडी लिहिणाऱ्याची सोय बघते, बाळबोध वाचणाऱ्याची. मोडीचं शिवकालीन वळण वेगळं, पेशवेकालीन वेगळं, इंग्रजी अमदानीतलं त्याहून वेगळं, आणि आज पेशवे दफ्तरातले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली कागदांची गाठोडी, सोडून बसायचं तर ती वळणं खास शिकावी लागतात. मोडीची ही उणीव म्हणता येणार नाही. ती ज्या कामासाठी घडली ते काम तिने चोख केलं.

छपाई आली तेव्हाही हीच निवड करावी लागली. विल्यम कॅरीचा मराठी कोश १८१० मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला छापला गेला तो मोडीच्या खिळ्यांनी (छपाईच्या सुट्या ओतीव अक्षरांनी). म्हणजे मराठीतला हस्ताक्षरी टाइप हा काही संगणकाचा शोध नव्हे. धावत्या वळणाची लिपी शिशात ओतण्याचा प्रयोग दोनशे वर्षांपूर्वी झालेला आहे. पुढे मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये पंचांग काढलं ते शिळाप्रेसवर. शिळाप्रेस म्हणजे हाताने लिहिलेलंच पान दगडावर उमटवून छापायचं. पण वाचक वाढत गेले तसा कल स्वतंत्र, उभ्या, सलग शिरोरेषेच्या बाळबोध खिळ्यांकडे गेला. जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना १८६९ चा, आणि त्याच्यासाठी राणोजी आरू यांनी कोरलेला टाइप मराठी-संस्कृत छपाईचा मापदंड ठरला. तो टाइप सुंदर आहेच, पण त्याची खरी ताकद अशी की तीनशे पानांनंतरही डोळा थकत नाही.

आता हस्ताक्षरी फॉन्ट म्हणजे नक्की काय, ते बघू. बोलताना सगळ्यालाच 'कॅलिग्राफी' म्हणायची पद्धत पडली आहे आणि त्यात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात. सुलेखन म्हणजे हाताने, एका बैठकीत, साधनाच्या धारेने लिहिलेलं. अक्षरांकन म्हणजे एखादा शब्द चित्रासारखा रचून, खाडाखोड करून, पक्का केलेला. मराठी नाटकांच्या जाहिरातींतली कमल शेडगे यांची शीर्षकं या प्रकारातली. आणि फॉन्ट म्हणजे एकदा काढलेली अक्षरं पुन्हा पुन्हा वापरण्याची व्यवस्था. अक्षरांकन करणाऱ्याला शेजारी कोणतं अक्षर येणार हे ठाऊक असतं. त्यानुसार तो वेलांटी लांबवतो, काना आखडता घेतो, रफाराला जागा करून देतो. फॉन्टला शेजारी ठाऊक नसतो. त्याला कुठल्याही अक्षराशेजारी कुठलंही अक्षर खपवून घ्यावं लागतं.

हस्ताक्षरी फॉन्टची पहिली परीक्षा इथेच होते. माणूस हाताने 'काका' लिहितो तेव्हा दोन्ही 'का' सारखे येत नाहीत. फॉन्टमध्ये ते ठशासारखे येतात, आणि हस्ताक्षराचा सगळा आभास त्या क्षणी जातो. रोमनमध्ये ही अडचण दोन सारखी अक्षरं लागोपाठ आली की होते. मराठीत ती घरोघरी आहे: काका, मामा, दादा, बाबा, नाना, हळूहळू, घरघर, लवलव. चांगला फॉन्ट करणारा नेहमीच्या अक्षरांची दोन-तीन रूपं काढून ठेवतो आणि शेजार बघून रूप बदलेल असा नियम फॉन्टच्या आत लिहितो. पण मराठीला अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, वेगवेगळ्या रुंदीच्या वेलांट्या धरून मुळातच सहाशे-सातशे आकार लागतात. त्यांची पर्यायी रूपं काढायची म्हणजे काम दुप्पट. म्हणून बहुतेक जण ती काढतच नाहीत.

शैलींची ढोबळ चार घराणी दिसतात. बोरूचं किंवा कट-निबचं वळण, ज्यात जाड-बारीक रेघांचा खेळ असतो. ब्रशचं, ज्यात रेघेची सुरुवात भरीव आणि शेवट विरळ. मार्करचं किंवा बॉलपेनचं, ज्यात रेघ सगळीकडे जवळजवळ सारखी. आणि मोडीची लपेट घेऊन देवनागरी लिहिणारं चौथं. यातलं पहिलं करताना सर्वांत मोठी चूक होते ती धारेच्या कोनाची. रोमनच्या रुंद निबने लिहिताना ठळक रेघ वरून डावीकडून खाली उजवीकडे उतरते. देवनागरीचा बोरू उलट्या बाजूने तिरका कापतात, त्यामुळे ठळकपणा वरच्या उजव्या कोपऱ्यातून खालच्या डाव्या कोपऱ्याकडे जाणाऱ्या रेघेला येतो. रोमन फॉन्टशी 'जुळणारा' मराठी फॉन्ट करायच्या नादात हा कोन उलटवला जातो. मग 'र' ची शेपटी गलेलठ्ठ होते आणि 'त' ची कमान हाडकुळी. अशा फॉन्टकडे बघणाऱ्याला नेमकं काय बिघडलंय ते सांगता येत नाही, पण अक्षर परकं वाटतं एवढं नक्की जाणवतं.

तिसऱ्या घराण्यातला सर्वांना सहज मिळणारा फॉन्ट म्हणजे इंडियन टाइप फाउंड्रीचा 'कलम'. मुक्त परवाना, तीन जाड्या, मार्करसारखी रेघ. संवादाच्या फुग्यात, टिपणाच्या चौकटीत तो चांगला बसतो. त्याच्याच भरवशावर नियमावली छापायला निघालं तर चूक फॉन्टची नाही.

पाटीवर काय काय बिघडतं ते आता सविस्तर सांगायला हवं, कारण बहुतेक दोष टाळता येण्यासारखे आहेत.

सुरुवात तिरकेपणापासून. मराठी अक्षराला वर आणि खाली जोडणी असते. 'मूर्तींची' हा साधा शब्द घ्या. 'ती' वर वेलांटी, वेलांटीवर रफार, रफाराशेजारी अनुस्वार. पुढच्याच 'ची' वर पुन्हा वेलांटी. 'मू' ला खाली दीर्घ उकार. उभ्या अक्षरात हे सगळं आपापल्या डोक्यावर राहतं. फॉन्ट १५ अंशांनी तिरका केला की हिशेब बदलतो. अक्षराचं अंग, म्हणजे पायापासून शिरोरेषेपर्यंतचा भाग, १० सेंटिमीटर उंच असेल तर रफाराचं टोक साधारण १५ सेंटिमीटरवर जातं, आणि तिथे ते सुमारे ४ सेंटिमीटर उजवीकडे सरकतं. तेवढ्यात पुढच्या अक्षराची वेलांटी आलेली असते. रफार 'ती' चा की 'ची' चा, हे डोळ्याला ठरवावं लागतं. खालचा उकार उलट डावीकडे सरकतो आणि मागच्या अक्षराखाली जातो. मूळ आरेखनच तिरकं असेल तर करणाऱ्याने निदान या जोडण्या सावरून घेतलेल्या असतात. उभा फॉन्ट सॉफ्टवेअरमध्ये बटण दाबून तिरका केला तर तेवढंही नाही. देवनागरीत तिरक्या अक्षराने जोर द्यायची परंपरा नाही. जोर द्यायला ठळक अक्षर आहे, रंग आहे, आकार आहे.

दुसरं, अक्षरांतलं अंतर. रोमन कॅपिटल पसरून लावले की भारदस्त दिसतात, म्हणून तीच सवय मराठीला लावली जाते. अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते, आणि शब्द सुट्या मण्यांसारखा विखुरतो. हस्ताक्षरी फॉन्टमध्ये हे जास्त उघडं पडतं, कारण तिथे रेघ एका अक्षरातून दुसऱ्यात वाहत जाते असा भास उभा केलेला असतो. मराठी मजकुराला हे अंतर शून्य ठेवावं. मोकळेपणा हवा असेल तर दोन शब्दांत द्यावा, दोन ओळींत द्यावा.

याच्या उलट बाजूचा दोष कापकामात दिसतो. जोडून येणाऱ्या अक्षरांची टोकं फॉन्टमध्ये एकमेकांवर चढवलेली असतात, म्हणजे शिरोरेषेत फट पडू नये. छापताना ते कळत नाही. पण तोच मजकूर व्हिनाइलच्या प्लॉटरला किंवा ॲक्रिलिक कापणाऱ्या यंत्राला दिला की यंत्र प्रत्येक अक्षराची कड वेगळी कापतं आणि प्रत्येक जोडावर चीर पडते. दोन पावसाळ्यांत त्या चिरांपासून व्हिनाइल सुटायला लागतं. शब्दाला कडेची रेघ दिली असेल तर जोडावर रेघा एकमेकींना छेदलेल्या दिसतात. उपाय सोपा आहे: मजकुराचे आकार करून घ्यायचे, सगळे एकत्र जोडून एकच बाह्यरेषा करायची, जोडांवर मोठं करून बघायचं आणि मगच फाइल द्यायची. पाच मिनिटांचं काम आहे. आकार करण्याआधी मजकूर मात्र दोघांकडून तपासून घ्यावा, कारण त्यानंतर चूक दुरुस्त करता येत नाही.

तिसरा दोष मराठीच्या जिव्हाळ्याचा आहे. बाजारातले पुष्कळ देवनागरी हस्ताक्षरी फॉन्ट हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेले असतात. हिंदीला 'ऱ्य' आणि 'ऱ्ह' लागत नाहीत. मराठीला त्यांच्यावाचून चालत नाही. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे दरीचं अनेकवचन. 'आचार्यांना' बोलावणं वेगळं आणि 'आचाऱ्यांना' बोलावणं वेगळं. फॉन्टमध्ये अर्ध्या 'ऱ' ची आडवी कोर नसेल तर 'वऱ्हाड' मध्ये पायमोडका 'ऱ' सुटा उभा राहतो. ते टाळायला टाइप करणारा साधा 'र' वापरतो आणि रफाराचं 'वर्हाड' छापलं जातं. लग्नपत्रिकांमध्ये हे सर्रास दिसतं. 'ॲ' चं तेच. 'ॲड.', 'ॲम्ब्युलन्स', 'ॲप' हे रोजचे शब्द. फॉन्टमध्ये 'ॲ' नसेल तर चौकोन उमटतो, किंवा तेवढंच एक अक्षर दुसऱ्या फॉन्टमधून उसनं येतं आणि ओळीत पाहुण्यासारखं दिसतं. 'ळ' असतो, पण बऱ्याचदा शेवटी उरकून टाकलेला, बाकीच्या अक्षरांपेक्षा अरुंद आणि जाड.

'ल' आणि 'श' यांच्याबद्दल तर महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये निर्णय काढून सांगितलेलं आहे: मराठीसाठी पाकळीयुक्त 'ल' आणि देठयुक्त 'श'. चांगल्या युनिकोड फॉन्टमध्ये (युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला संकेत देणारी पद्धत) दोन्ही रूपं असतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे असं सॉफ्टवेअरला सांगितलं की मराठी रूप आपोआप येतं. अडचण अशी की भाषा निवडायचं राहून जातं, किंवा हिंदी निवडलेली असते. आणि हस्ताक्षरी फॉन्टमध्ये दुसरं रूप बहुधा काढलेलंच नसतं. शासनाच्याच जाहिरातींत शासनाच्याच निर्णयाविरुद्धची अक्षरं छापली जातात ती यामुळे. मराठी शाळेतली मुलगी वहीत एक 'ल' लिहिते आणि रस्त्यावर दुसरा बघते. तिने कोणता खरा मानायचा?

फॉन्ट विकत घेण्याआधी किंवा उतरवून घेण्याआधी एक ओळ लावून बघावी: 'ॲड. ज्ञानेश्वर कुऱ्हाडे, हृषीकेश काका, मूर्तींची शाळा, खत भरणा, घर-धर, स्थितिस्थापक, ५८९'. यात अर्धा 'ऱ' आहे, 'ॲ' आहे, 'हृ' आहे, लागोपाठचा 'का' आहे, वेलांटी-रफार-अनुस्वार एकावर एक आहेत, 'ख' चा 'रव' होतो का तेही कळतं. 'स्थि' ची वेलांटी त्याच्या दंडापर्यंत पोचते की मध्येच हवेत राहते ते बघावं. ही ओळ तीन वेळा छापावी: १२ पॉइंटात, २४ पॉइंटात आणि बोटभर उंचीत. बारीक छपाईत जाड-बारीक वळणाच्या फॉन्टची बारीक रेघ गळते आणि 'ष' चा 'प' होतो.

आता कायद्याकडे. महाराष्ट्राने दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या अधिनियमात २०२२ मध्ये सुधारणा केली. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी लागू झाली. मराठी मजकूर आधी, आणि त्याचा अक्षरआकार इतर लिपीपेक्षा लहान नको, असं ठरलं. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली आणि त्यानंतर पाट्या भराभर बदलल्या. हा बदल योग्यच होता. पण आकार मोजायचा कसा?

मराठी ओळीचे तीन मजले असतात: वर वेलांटी-मात्रा-रफार, मध्ये अंग, खाली उकार. सोयीसाठी वरचा आणि खालचा मजला प्रत्येकी पाव, मधला अर्धा धरू. १२ इंच उंचीच्या पट्टीत मराठी ओळ बसवली तर अंगाला ६ इंच मिळतात. त्याच पट्टीत रोमन कॅपिटल लावले तर वरखाली थोडी जागा सोडूनही ९ इंच सहज मिळतात. पट्टी सारखी, पॉइंट सारखे, कायदा पाळला गेला, आणि मराठी अक्षर दीडपट लहान. त्यात हस्ताक्षरी फॉन्ट घेतला की वेलांटीचे फटकारे आणि 'र' च्या शेपट्या यांना जागा द्यायला अंग आणखी आखडतं. ६ इंचांचं ४ होतं. पाटीच्या धंद्यात ढोबळ हिशेब असा की दर दहा फूट अंतराला एक इंच अक्षर. ९ इंचांचं रोमन नाव ९० फुटांवरून, म्हणजे रस्त्याच्या पलीकडून, सहज वाचता येईल आणि ४ इंच अंगाचं मराठी नाव ४० फुटांवर आल्यावर. फीत घेऊन मोजलं तर मात्र लांबलेली वेलांटी धरून मराठी ओळच मोठी भरते.

म्हणून मोजमाप अंगाचं हवं. पायापासून शिरोरेषेपर्यंतची उंची रोमन कॅपिटलच्या उंचीइतकी, असं नियमात स्पष्ट लिहिलं पाहिजे. यात मराठीला जागा जास्त लागेल. लागू द्या, या लिपीची ती गरज आहे. दुसरं, दुकानाच्या नावासाठी दुकानदाराला हवं ते वळण घेऊ द्यावं, पण आत काय मिळतं, वेळ काय, दार कुठलं, धोका कसला, हा मजकूर उभ्या, सलग शिरोरेषेच्या, सारख्या जाडीच्या अक्षरात असावा. रेघेची जाडी अंगाच्या उंचीच्या सातव्या-आठव्या हिश्श्याइतकी ठेवली तर ती दुरूनही टिकते आणि 'ष', 'क्ष' यांची पोटं भरून जात नाहीत. शासकीय कार्यालयं, पालिका, शाळा, दवाखाने, बसथांबे यांना हे बंधनकारक करायला दुकानांइतका वेळही लागणार नाही. एक परिपत्रक पुरेल.

याला आक्षेप येतो तो असा की मग सगळ्या पाट्या एकसारख्या दिसतील, गावाचा चेहरा जाईल. आक्षेप मोलाचा आहे. छापील फ्लेक्सने पेंटरचा कुंचला घालवला आणि रस्त्यांचं रूप खरंच उतरलं. पण पेंटरची अक्षरं आठवून बघा. मुंबईच्या लोकल स्टेशनांवरची हाताने रंगवलेली नावं हाताचीच होती, आणि तरी ती उभी, भरीव, सुट्या फटींची होती, धावत्या गाडीतून वाचता यावीत म्हणून. कॅथरिन ली श्मिट यांनी त्या अक्षरांवरून 'यात्रा वन' हा फॉन्ट केला तेव्हा तोच ठसठशीतपणा जपला. हाताचं असणं वेगळं आणि तिरकं, धावतं, लपेटदार असणं वेगळं. हस्ताक्षरी फॉन्टने रस्त्याला हाताचा स्पर्श मिळत नाही. एकच 'का' शंभर पाट्यांवर जसाच्या तसा येतो. ज्या दुकानदाराला खरंच वेगळेपण हवं आहे त्याने चार अक्षरांचं नाव कुणा अक्षर जाणणाऱ्याकडून काढून घ्यावं. शेडग्यांच्या शीर्षकांसारखं ते एकदाच घडतं आणि त्याच नावाचं राहतं.

हस्ताक्षरी फॉन्टची खरी जागा जिथे कुणीतरी एक माणूस बोलतो आहे तिथे आहे. निमंत्रणातली वधूवरांची नावं, कथेतल्या पत्राचा मजकूर, चित्रकथेतले संवाद, मासिकातलं एखादं ठळक केलेलं वाक्य, घरगुती मसाल्याच्या बाटलीवरचं नाव. तिथेही माप सांभाळावं. ओळीत सहा-सात शब्द, सलग तीन-चार ओळींपेक्षा जास्त नाही, १८ पॉइंटांच्या खाली नाही, ओळींतलं अंतर अक्षराच्या आकाराच्या १.६ ते १.८ पट. पत्रिकेत नावं वळणदार असावीत, पण तारीख, मुहूर्त, स्थळ आणि पत्ता साध्या अक्षरात. 'सायं. ५ वा.' मधला ५ हा ८ वाटला तर मुहूर्त टळतो. एका पानावर असे दोन फॉन्ट कधीच नकोत.

पडद्यावरच्या मजकुराबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. अनेक झोकदार मराठी फॉन्ट अजून जुन्या पद्धतीचे आहेत, रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले. ते छापायला चालतात. पण तो मजकूर दुसरीकडे डकवला की रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी होते, शोधात सापडत नाही, आणि दृष्टिहीन माणसाच्या वाचक-सॉफ्टवेअरला त्यातून एक शब्द कळत नाही. याला तोड म्हणून सूचनेचं चित्र करून पाठवलं जातं, आणि दृष्टिहीन नागरिकासाठी ते कोरं पान असतं. पाणीपुरवठा बंद असल्याची सूचना, प्रवेशाची शेवटची तारीख, लसीकरणाचं वेळापत्रक चित्रात अडकवू नये. चित्र करायचंच असेल तर तोच मजकूर युनिकोडमध्ये खाली द्यावा.

एका ठिकाणी मात्र हस्ताक्षराच्या फॉन्टची सार्वजनिक गरज आहे आणि तिथेच तो धड मिळत नाही: कित्त्यासाठी. पहिलीतल्या मुलाला गिरवायला जी तुटक रेघांची अक्षरं दिली जातात ती बहुधा एखाद्या जाड छापील फॉन्टच्या कडेला ठिपके लावून केलेली असतात. त्यामुळे एका रेघेच्या जागी ठिपक्यांच्या दोन समांतर ओळी दिसतात आणि पेन्सिल कुठून न्यायची ते मुलाला कळत नाही. अक्षराचं वळण वळवताना नेमकं तिथेच बिघडतं. कित्त्याचा फॉन्ट मध्यरेषेवर बांधलेला असायला हवा: एकच ठिपक्यांची रेघ, सुरुवातीला भरीव टिंब, प्रत्येक फटकाऱ्याला क्रमांक आणि बाण. दुरेघी वहीच्या रेघांशी त्याचं अंग तंतोतंत जुळावं. 'ल' पाकळीचा, 'श' देठाचा, 'ळ' सवडीने काढलेला, आणि 'ऱ्य', 'ऱ्ह', 'ॲ' सुरुवातीपासून आत असावेत. अक्षरं जोडली जातात तिथे ठिपके दुप्पट होऊ नयेत म्हणून जोडाक्षरं स्वतंत्र काढावी लागतील. नुसती अर्धी अक्षरं शेजारी ठेवून भागणार नाही. डावखुऱ्या मुलांसाठी बाण रेघेच्या दुसऱ्या बाजूला असलेली एक आवृत्ती हवी, कारण लिहिताना त्यांचाच हात बाण झाकतो. हे काम शासनाने पैसे देऊन करून घ्यावं, आणि कोणत्याही शिक्षकाला वापरता येईल, बदलता येईल अशा मुक्त परवान्याने द्यावं. शिरोरेषेचा बाण शब्दातलं शेवटचं अक्षर झाल्यावरच यावा. अक्षरागणिक वेगळी रेघ ओढायची सवय लागली की मुलाचा शब्द फुटका दिसतो, आणि ती सवय पुढे चौथी-पाचवीतही मोडत नाही.